पगार पुरतो, पण उरतो का?



लोद असो, रामले असो, अश्दोद असो की बेर-शेवा, आपल्या घरांतून शुक्रवारच्या जेवणावर एक विषय हल्ली हटकून निघतो. कोणीतरी म्हणतं, "आमच्या नातवाला पगार चांगला आहे हो, पण पुरत नाही म्हणतो." त्यावर आपण जुनी माणसं काय उत्तर देतो तेही ठरलेलं. "आम्ही नाही का दीड पगारात तीन मुलं वाढवली? हल्लीच्या पोरांचे हात सैल आहेत." मग सगळे माना डोलावतात आणि मच्छीचं भांडं पुढे सरकतं.

आम्हीही इतकी वर्षं हेच बोलत आलो. पण २०२५ साली सुक्कोथनंतर आमच्याच घरात असं काही घडलं की आम्हाला वही-पेन्सिल घेऊन हिशेब करायला बसावं लागलं. हिशेब पुरा झाला तेव्हा आमचं तोंड बंद झालं. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

नात रुसली

आमची नात सत्तावीस वर्षांची. लष्कर झालं, शिक्षण झालं, आणि आमच्यासारखीच नर्स झाली, याचा आम्हाला कोण अभिमान! तेल अवीवमधल्या एका मोठ्या इस्पितळात ती कामाला आहे. तिचा पगार ब्रूटो १७,००० शेकेल. तेव्हा, २०२५ साली, देशातला सरासरी पगार तेरा हजारांच्या आसपास होता, म्हणजे तिचा त्याहून वरचा. शेजारपाजारी आम्ही हा आकडा दोन-चारदा सांगूनही झालो होतो, खोटं कशाला बोला?

ती शुक्रवारी आमच्याकडे लोदला आली की जेवते, झोपते आणि जाताना डबे घेऊन जाते. एका शुक्रवारी जेवताना म्हणाली, "आजी, मी माइनसमध्ये आहे." माइनस म्हणजे काय ते मोठ्यांना सांगायला नको. मुलांनो, बँकेतले आपले पैसे संपून बँकेचे पैसे खायला लागलो की त्याला इथे माइनस म्हणतात.

आम्ही लगेच सुरू झालो. "सतरा हजार मिळतात आणि माइनस? आम्ही तीन मुलं वाढवली! बाहेर कॉफ्या प्यायला जाता, मग काय होणार? अंथरूण पाहून पाय पसरावे." आजोबांनीही री ओढली. पोर काही बोलली नाही. ताटं धुतली, बॅग उचलली आणि गेली. डबे तसेच ओट्यावर राहिले.

त्यानंतर दोन शुक्रवार ती आलीच नाही. रात्रपाळी आहे म्हणाली.

तिसऱ्या शुक्रवारी आली ती हातात कागद घेऊन. घरमालकाने भाडं ५,५०० वरून ६,२०० केलं होतं आणि नव्या करारावर आरेव, म्हणजे जामीन, म्हणून दोन सह्या मागितल्या होत्या. तिने भाडं भरलं नाही, तर ते आम्हा म्हाताऱ्यांनी भरायचं. आमचे हे म्हणाले, "बाळ, सही करू. पण आधी हिशेब दाखव." तिने फोन उघडला आणि आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून लिहायला घेतलं.

हिशेब

सतरा हजार हा ब्रूटो. त्यातून आयकर, बितुआह लेउमी, आरोग्य कर, पेन्शन आणि केरेन हिश्तालमुत गेलं की हातात येतात १२,१०० शेकेल. मुलांनो, पगाराची चिठ्ठी, म्हणजे तलुश, नेहमी खालून वाचावी. वरचा आकडा शेजाऱ्यांना सांगायचा असतो, खालच्या आकड्यावर घर चालतं.

आता महिन्याचा खर्च बघा:

घरभाडं, दोन खोल्या: ६,२००
अर्नोना: २५०
वाद बाइत: १५०
वीज, पाणी, गॅस: ४००
फोन आणि इंटरनेट: १५०
बस-रेल्वे: २५०
किराणा, भाजी, मासे: २,०००
औषधं, चष्मा वगैरे: ३००
कपडे, चपला: ३००
लग्नांची पाकिटं: ४००
कॉफी, मैत्रिणी, कधी एखादं बाहेरचं जेवण: ७००

बेरीज ११,१००. बारा हजार शंभरातून वजा केले की उरले १,०००.

दोन खोल्या म्हणजे इथल्या मोजणीप्रमाणे एक बसायची आणि एक झोपायची. इमारत जुनी, लिफ्ट नाही. ममादही नाही. जून २०२५ च्या त्या रात्रींना ती जिना उतरून शेजारच्या इमारतीच्या तळघरात पळत होती. इतकं भाडं भरून घरात सुरक्षित खोली नाही ती नाहीच.

आम्ही कॉफीवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "आजी, सगळी कॉफी बंद करते, मैत्रिणीही बंद करते. वर्षाचे ८,४०० वाचतील. नव्या भाडेवाढीतच ८,४०० गेले." आम्ही करून पाहिलं. सातशे गुणिले बारा. दोन्हीकडे तोच आकडा. आमचे हे माझ्याकडे बघायला लागले, आम्ही खिडकीबाहेर.

मग माइनस कुठून आला? दातातून. एका दाढेचं रूट कॅनल आणि वरची टोपी मिळून ४,००० शेकेल. तिच्या वयाच्या माणसाचे दात कुपत होलिमच्या मूळ हक्कात येत नाहीत. महिन्याला उरतात हजार, म्हणजे एका दाढेने चार महिने खाल्ले. त्याच सुमारास फ्रिज बंद पडला. झाला माइनस. यात सैल हात कुठे होता, ते आम्हाला सापडलं नाही.

रात्री विकून आलेले पैसे

आम्ही अडतीस वर्षं वॉर्डात काढली. तलुश बघताना आमचं लक्ष एका ओळीवर गेलं. त्या महिन्यात तिने अकरा रात्री केल्या होत्या. अकरा!

रात्रपाळीला जास्त पैसे मिळतात म्हणून ती मागून घेत होती. त्या रात्री वजा केल्या तर हातात साडेनऊ हजारांच्या आतच पडले असते, आणि ११,१०० चा खर्च निघालाच नसता. म्हणजे ज्याला आम्ही चांगला पगार म्हणून मिरवत होतो, त्यातला मोठा हिस्सा पोर झोप विकून आणत होती.

पहाटे चार वाजता नर्सचं काय होतं ते आम्हाला विचारा. डोळे उघडे असतात, पण मन जागं नसतं. औषधाचं लेबल दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. आमच्या पायांच्या शिरा आजही साक्ष देतात. ती शुक्रवारी येऊन झोपते ते आळसाने नव्हे, हे आम्हाला, नर्स असून, कळलं नाही. याची लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

मग आम्हाला कसं पुरलं?

त्या रात्री झोप लागेना. आमचे हे म्हणाले, "आपण काय जास्त शहाणे होतो?" मग दोघांनी मिळून जुने दिवस आठवायला सुरुवात केली.

आधी मुंबई. भायखळ्याच्या चाळीत आमच्या दोन खोल्या, माणसं सात. वडील कारकून, पगार १८० रुपये, खोल्यांचं भाडं १४ रुपये. पगाराचा तेरावा हिस्सा म्हणा ना. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवून टाकली होती. घरमालक कुरकुर करायचा, डागडुजी करायचा नाही, नळाला पाणी दोन तास. पण भाडं वाढत नव्हतं. नव्याने खोली घ्यायची तर पागडी मोजावी लागे, पण ज्याला खोली होती त्याचं निभत होतं. शाळा, पुस्तकं, सणाला नवे कपडे, रोश हशानाला चिकाचा हलवा, सगळं त्या १८० रुपयांत व्हायचं. आम्हाला वाटायचं, ही आईची काटकसर. काटकसर होतीच. पण तिच्या पाठीशी ते चौदा रुपये उभे होते.

मग इस्राएल. १९६८ साली अकरावी पास होऊन आम्ही अठराव्या वर्षी आलो. उलपानमध्ये हिब्रू शिकलो, मग नर्सिंग. लग्न झाल्यावर आमिदारचं घर मिळालं. आमिदार ही १९४९ साली काढलेली सरकारी घरांची कंपनी, जुन्या मंडळींना तिचं नाव ओळखीचं. ५२ मीटरचं घर, हिवाळ्यात भिंतींना ओल, उन्हाळ्यात भट्टी. आम्ही किती शिव्या दिल्या त्या घराला! पण भाडं पगाराच्या दहाव्या हिश्श्याहून कमी होतं. पुढे तेच घर सवलतीच्या किमतीत आम्हाला विकत मिळालं. आज आम्ही हे लिहितो आहोत ते त्याच घरात बसून.

महागाई आम्हीही पाहिली, आणि कशी! १९८४ साली भाव वर्षभरात ४०० टक्क्यांहून जास्त वाढले. मुलांनो, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला एक शेकेलची वस्तू वर्षअखेर पाच शेकेलच्या वर. पगाराच्या दिवशी ड्यूटी संपली की आम्ही पळत दुकानात जायचो, कारण दुसऱ्या दिवशी तेल-साखरेवर नवी चिठ्ठी लागलेली असायची. पण पगारही मागून वाढायचा. त्याला तोसेफेत योकेर म्हणत, म्हणजे आपल्या मुंबईचा महागाई भत्ता. जुलै १९८५ मध्ये सरकारने कडक योजना आणली आणि १ जानेवारी १९८६ पासून तीन शून्यं कापून नवा शेकेल चालू झाला. त्या सगळ्या धुमाळीत आमचं चूल-पाणी टिकलं ते का? डोक्यावरचं छप्पर भावाबरोबर पळत नव्हतं म्हणून.

मग लक्षात आलं. चाळीचं भाडं तेरावा हिस्सा, आमिदारचं दहाव्याहून कमी, आणि आमच्या नातीचं? १२,१०० मधले ६,२००, म्हणजे निम्म्याहून जास्त. आम्ही तिला अंथरूण पाहून पाय पसरायला सांगत होतो. तिचं अंथरूणच भाड्याचं, आणि दर वर्षी आखूड होणारं.

तेल अवीव इतकं महाग का?

१९०९ साली वाळूच्या टेकाडांवर वसवलेलं हे गाव डिसेंबर २०२१ मध्ये लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ गटाच्या पाहणीत जगातलं सगळ्यात महाग शहर ठरलं. पॅरिस आणि सिंगापूरच्याही वर! तेव्हा शेकेल डॉलरपुढे फार वधारला होता हे त्याचं एक कारण. पुढच्या वर्षी पहिला नंबर गेला, महागाई गेली नाही. हाय-टेकचे मोठे पगार त्याच शहरात, नोकऱ्या तिथे, इस्पितळं तिथे, आणि जागा मूठभर. सगळ्यांना तिथेच राहायचं, म्हणून भाडं चढतं.

ही रड नवी नाही. २०११ च्या जूनमध्ये कॉटेज चीजच्या डब्याची किंमत आठ शेकेलच्या घरात गेली तेव्हा लोकांनी तो घेणंच बंद केलं. जुलैत तरुण पोरांनी रॉथशिल्ड बुलेवारवर तंबू ठोकले, आणि ३ सप्टेंबरला देशभर मिळून लाखो लोक रस्त्यावर उतरले. कॉटेज तेव्हा थोडं स्वस्त झालं, भाडी झाली नाहीत. त्यात १ जानेवारी २०२५ पासून मआम सतराचा अठरा टक्के झाला. ताजी फळं आणि भाजी तेवढी त्यातून सुटली आहे. म्हणून म्हणतो, शूकमधून भाजी आणा, घरी शिजवा.

लोदला का राहत नाहीस?

हा आजोबांचा प्रश्न. आमच्या गल्लीत तशाच घराला ३,७०० भाडं आहे, म्हणजे अडीच हजार वाचले. रेल्वेने तेल अवीव जवळच.

पण नर्सचं काम घड्याळावर चालतं, रेल्वे शब्बाथवर. शुक्रवारी दुपारी गाड्या थांबतात त्या शनिवारी रात्री सुरू होतात. रोगी मात्र शब्बाथलाही आजारी असतो. मध्यरात्रीची बदली, पहाटेची बदली, यासाठी गाडी हवी. गाडीचा हप्ता, विमा, दुरुस्ती, आणि पेट्रोल, जे तेव्हा लिटरला सात शेकेलच्या आसपास होतं. मांडून पाहिलं तर दोन हजार त्यातच. वाचलेले अडीच हजार पाचशेवर आले, आणि तेही रोज दोन तास रस्त्यावर घालवून. आजोबा गप्प झाले.

मुलांनो, वही घ्या

आता एक गणित तुमच्यासाठी. तेल अवीवात चार खोल्यांच्या घराला चाळीस लाख शेकेलच्या वर पडतात. आपण चाळीसच धरू. पहिल्या घरासाठी बँक जास्तीत जास्त ७५ टक्के मशकंता देते. उरलेले २५ टक्के, म्हणजे दहा लाख, आपल्या खिशातून. महिन्याला हजार उरत असतील तर दहा लाख जमायला किती महिने? हजार महिने. बाराने भागा: ८३ वर्षं आणि ४ महिने.

ताई आज सत्तावीसची. पैसे जमतील तेव्हा ती एकशे दहाची असेल. आपण आशीर्वाद देतो ना, एकशे वीस वर्षं जग म्हणून? तो फळला तर दहा वर्षं मिळतील घरात राहायला!

हसलात? आम्हीही हसलो. नातही हसली, दोन शुक्रवारांनंतर पहिल्यांदा.

शेवटी काय केलं

सही आम्ही करणारच होतो. पण त्या कागदावर ती करावी लागली नाही. हिशेब डोळ्यांसमोर आला तशी नात स्वतःच म्हणाली, "हे घर सोडते." तिच्याच वॉर्डातली एक मैत्रीणही भाड्याने गांजलेली. दोघींनी मिळून होलोनला तीन खोल्यांचं घर घेतलं. ममाद आहे, दुसरा मजला, बसथांबा दाराशी. भाडं ५,६००, म्हणजे एकीला २,८००. अर्नोना, वाद, वीज, इंटरनेट, सगळं अर्धं अर्धं. शब्बाथच्या पाळीला टॅक्सी, तिचे महिन्याला अडीचशे धरले. तरी आधीपेक्षा साडेतीन हजार वाचतात. नव्या करारावर आम्ही दोघांनी सह्या केल्या.

त्या वाचलेल्या पैशांतून तिने पहिली गोष्ट काय केली असेल? रात्री कमी केल्या. अकराच्या सहा. पगार तेराशेने घटला, तरी महिन्याला तीन हजारांवर उरतात. माइनस हळूहळू भरून निघाला. तेल अवीवातलं घर तिच्या आवाक्यात येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण आमच्या गल्लीतलं तीन खोल्यांचं घर सोळा लाखांना विकलं गेलं. त्याचे पंचवीस टक्के चार लाख. या गतीने दहा वर्षं आणि थोडे महिने. पुढे मशकंता फेडायचा आहेच. सोपं नाही, पण एकशे दहाव्या वर्षापेक्षा बरं.

तर महागड्या शहरात चांगला पगार पुरतो का? एकट्या माणसाला पुरतो, पण उरत नाही. दात दुखला, फ्रिज बंद पडला, की पुरतही नाही. लहान मूल झालं, त्याच्या पाळणाघराचे दोन-तीन हजार आले, की एका पगारात भागणार नाहीच. पुरणं आणि उरणं यांत जे अंतर आहे ते बहुतेक करून भाड्याने ठरतं. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवता आलं, तरच बाकीच्या काटकसरीला अर्थ आहे. निम्मा पगार भाड्यात गेला की कॉफी सोडून काही होत नाही.

वडीलधाऱ्या मंडळींना हात जोडून एक सांगणं. नातवंड पैशांचं बोललं की आपली जुनी कहाणी लगेच काढू नका. आपण कष्ट केले हे खरं. पण आपल्याला छप्पर स्वस्त मिळालं हेही खरं. आधी कागद घ्या, तलुश मागा आणि खालचा आकडा वाचा. जमेल तर मदत करा, नाही जमलं तर निदान डबा भरा.

आणि मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल, पगार मिळवाल, तेव्हा माइनसची गोष्ट घरच्यांपासून लपवू नका. आजीने रागे भरलं तरी सांगा. आमच्या नातीने सांगितलं म्हणून हे सगळं झालं.

आता दर शुक्रवारी आम्ही दोन डबे भरतो, एक नातीचा आणि एक तिच्या मैत्रिणीचा. नारळाच्या रसातली मच्छी आणि भात. रिकामे डबे धुऊन परत येतात. परवा एका डब्यात शंभराची नोट निघाली. आमचे हे म्हणाले, "परत कर." आम्ही केली नाही. तिच्या नावाने एका बरणीत टाकली आहे. चार लाखांत तेवढीच भर!